पास्कूचं वाचन

पास्कू,

काल तुला जाऊन महिना झाला म्हणून देवळात ठेवलेल्या मिस्सेच्या प्रार्थनेतून मी मधेच उठून बाहेर आले. फादरांचं प्रवचन चालू होतं. ते म्हणाले, "पास्कूच्या आयुष्यात देवानं केवढं मोठं काम केलं, ते आपण सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं." पुढच्या बाकावर बसलेले मास्तर मान डोलवत होते. तेच मास्तर, ज्यांनी तुला देवळात वाचू देऊ नये म्हणून दोनदा जाऊन फादरांचे कान भरले होते. ती डोलणारी मान पाहिली आणि मला बसवेना. तुझ्या मार्थानं माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला. सगळं देऊळ वळून बघत होतं. बघू दे म्हटलं.

बाहेर क्रूसाच्या ओट्यावर जाऊन बसले. कोणतं काम, ते मला कोणीतरी सांगा. आणि देवानं एवढं मोठं काम हाती घेतलं होतं, तर ते एका दवाखान्याच्या खिडकीशी येऊन का अडलं?

तू कधी जन्मलास, कुठं कामाला होतास, मागे कोण कोण राहिलं, हे सगळं मास्तरांनी तुझ्या मातीच्या दिवशी कागदावरून वाचून दाखवलं. कुठंही न अडखळता. त्यामुळे ते मी पुन्हा सांगत नाही. जे राहिलं ते लिहिते. आपण घरी जसं बोलायचो तसं मला कागदावर उतरवता येत नाही, म्हणून आपलं बोलणंही शाळेच्या मराठीत लिहितेय. तू हसशील. घरच्या बोलीत तू कमी अडायचास. ही पुस्तकातली भाषा आली की तुझा घसा आवळायचा, आणि नेमक्या याच भाषेत तुला देवळात वाचायचं होतं.

मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई दिवसभर केळीत, बाबा मिठागरावर, त्यामुळे तुला सांभाळायचं माझ्याकडे. पहिलीच्या वर्गात गुरुजींनी नाव विचारलं, तेव्हा तू "प... प... प..." करत उभा राहिलास आणि सगळा वर्ग हसायला लागला. मी शेजारच्या वर्गातून धावत आले आणि दारातूनच ओरडले, "पास्कू! त्याचं नाव पास्कू आहे!" केवढा अभिमान वाटला होता मला. माझ्या भावाला मी वाचवलं होतं. मग मी तुला वाचवतच राहिले. रेशनच्या दुकानात, न्हाव्याकडे, डॉक्टरकडे. तू तोंड उघडायचास, पहिलं अक्षर यायचं आणि पुढचं मी बोलायचे. मार्थाच्या घरी आपण बोलणी करायला गेलो, तिच्या बापानं तुला विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?" तू "प..." म्हटलंस आणि मी म्हटलं, "पसंत आहे!" सगळे हसले, तूही हसलास. निदान मला तसं वाटलं.

सातवीनंतर तू शाळा सोडलीस. गोखिवऱ्याला कारखान्यात लेथवर लागलास. ते काम तुला आवडायचं. मशीनच्या आवाजात कोणाशी बोलावं लागत नाही, असं तू एकदा म्हणाला होतास.

मग देवळात लॅटिन जाऊन मराठी आली. आपल्यातलीच माणसं वर वेदीपाशी जाऊन बायबलचं वाचन करू लागली. एका रविवारी तेव्हाचे म्हातारे फादर म्हणाले, "देवाचं काम फक्त संतांच्या आयुष्यात होतं असं समजू नका. ते तुमच्या आयुष्यात होऊ शकतं. उद्या सकाळी होऊ शकतं." सगळ्यांनी ऐकलं, घरी गेले, जेवले आणि झोपले. तू तेवढा जेवण न करता माझ्या ओटीवर आलास.

"बाय, मी व... वाचणार."

"काय वाचणार?"

"द... देवळात."

मी हसले. ते हसणं मला आता आठवतं आणि स्वतःचा राग येतो. "का? देवानं येऊन सांगितलं?"

"फादर म्हणाले ना. माझ्याही आयुष्यात होऊ श... शकतं."

"अरे, ते सगळ्यांनाच म्हणाले."

"म्हणजे म... मलाही."

मी शाळेत मराठी शिकवते, पोरांना निबंध सांगते, आणि तुझ्या दोन शब्दांना मला उत्तर नव्हतं. म्हणून मी दुसरंच काढलं. म्हटलं, देवाला दुसरं कोणी मिळालं नाही का? तू शांतपणे म्हणालास, मिळालं असेल, मी माझं सांगतोय. तुझा हा शांतपणा मला कधीच सहन झाला नाही, पास्कू. लोक तुला हसायचे तेव्हा मी पेटायचे आणि तू असा उभा असायचास, जणू कोणी दुसऱ्याबद्दल बोलतंय.

म्हाताऱ्या फादरांनी तुझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, तयारी कर. वाचणाऱ्यांची यादी मास्तरांकडे असायची. मास्तर म्हणाले, "लोक देवाचा शब्द ऐकायला येतात, कसरत बघायला नाही. देवळाची शोभा जाईल." माझ्यादेखत म्हणाले. आणि मी, जी रस्त्यावर तुला हसणाऱ्या पोरांच्या मागे दगड घेऊन धावायची, ती गप्प बसले. कारण मनातून मला त्यांचं पटलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तू दोन महिने तयारी केलीस. रोज संध्याकाळी लेथवरून आलास की वाडीत विहिरीच्या पलीकडे जायचास आणि केळींना वाचून दाखवायचास. एक दिवस मी कुंपणाशी उभी राहून ऐकलं. पास्कू, तू अडत नव्हतास. कोणी समोर नाही म्हटल्यावर तू सरळ, एका दमात, घंटेसारखा वाचत होतास. बत्तीस वर्षांत तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तिथं उभ्या उभ्या मला रडू आलं. वाटलं, होणार. खरंच होणार. तू नव्हे, मी चमत्काराची वाट बघायला लागले.

त्या रविवारी मी दुसऱ्या बाकावर बसले होते. तू वर गेलास. पांढरा शर्ट, नीट भांग. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीत "परमेश्वर" होता. तू "प..." वर अडलास.

मी मनात मोजत होते. देऊळ गप्प होतं. तुझ्या मानेची शीर फुगलेली मला दिसत होती. मागे कोणीतरी खाकरलं. बायकांच्या बाजूला फिसकन हसू फुटलं. तू अजून "प..." वरच. आणि मी मोठ्यानं म्हटलं, "परमेश्वर!"

सगळं देऊळ हसलं. वेदीवरचा मेणबत्तीवाला सुद्धा हसला. तू माझ्याकडे पाहिलंस, पुस्तक मिटलंस आणि खाली उतरलास. राहिलेलं मास्तरांनी वाचलं.

तीन आठवडे तू माझ्याशी बोलला नाहीस. मलाच राग आला होता तुझा. मी काय वाईट केलं? जन्मभर केलं तेच केलं ना? चौथ्या आठवड्यात तू आलास, ओटीवर बसलास आणि मला गप्प राहायला सांगून, माझ्या आठवणीतलं तुझं सगळ्यात लांब बोलणं बोललास. अर्धा तास लागला. ते मी इथं अडखळणं काढून लिहिते. तू म्हणालास, "तू माझं वाक्य संपवतेस ना, तेव्हा ते तुझं होतं. मला दरवेळी तेच म्हणायचं नसतं. लहानपणी मी 'पा' म्हणायचो आणि तू पाणी आणून द्यायचीस. मला पाव हवा असायचा. तू पाणी आणलंस की मी पाणी प्यायचो."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललास?"

तू माझ्याकडे नुसता बघत राहिलास. मग मलाच माझा प्रश्न कळला.

त्या दिवशी तू माझ्याकडून वचन घेतलंस. पुन्हा कधी तुझं वाक्य संपवायचं नाही. घरात नाही, बाजारात नाही, कुठंच नाही. मी दिलं.

त्यानंतर आणीबाणी आली आणि गेली. म्हातारे फादर बदलून गेले, आताचे आले. तू त्यांच्याकडेही गेलास. मास्तरही पुन्हा कान भरायला गेले. तू वर्षभर चकरा मारल्यास आणि एक दिवस फादर म्हणाले, बरं. मला वाटतं कंटाळून म्हणाले. काल त्यांच्या प्रवचनात त्या चकरांचं काही आलं नाही.

या वेळी मी शेवटच्या बाकावर बसले, तोंडात रुमाल धरून. तू वाचायला सुरुवात केलीस. अडलास, सुटलास, पुन्हा अडलास. दोन मिनिटांचं वाचन, अकरा मिनिटं चाललं. प्रत्येक अडलेला शब्द मला ठाऊक होता, प्रत्येक माझ्या जिभेवर होता, आणि मी तो गिळत होते. लोक आधी चुळबुळले, मग हसू दाबू लागले, मग कंटाळले. आणि मग कधीतरी सगळे गप्प झाले. "प्रभूचा शब्द" म्हणून तू थांबलास तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. देवळातून लोकांचं ठरलेलं उत्तर आलं ते मात्र मोठ्यानं आलं.

बाहेर तू माझ्याकडे आलास. इतकं खूश मी तुला लग्नातही पाहिलं नव्हतं.

"बघितलंस, बाय? झ... झालं."

"काय झालं?" मी म्हटलं. "तू अडलासच की. पहिल्यापेक्षा जास्त अडलास."

"अडलो. पण खाली उ... उतरलो नाही. आणि सगळे थ... थांबले."

"कोण सगळे?"

"देऊळभर माणसं. माझ्यासाठी. हे देवाचं काम नाही तर क... कोणाचं?"

मी चिडले. मी म्हटलं, ती माणसं तुझ्यासाठी थांबली नाहीत. मिस्सा अर्धी सोडून उठता येत नाही म्हणून थांबली. आणि देवाला काम करायचंच होतं तर तुझी जीभ सोडवायची होती. त्याला काय कठीण होतं? वाडीत केळींपुढे सोडवतो आणि माणसांपुढे आवळतो, हा कसला देव? तू म्हणालास, मला जीभ नको होती, मला वाचायचं होतं. मी म्हटलं, ते तू केलंस, त्यात देवाचं काय? तू म्हणालास, तेच.

हे भांडण आपण पुढची सात वर्षं भांडलो. महिन्यातून एकदा तुझं वाचन असायचं आणि त्या रविवारी जेवताना आपलं भांडण असायचं. मार्था वाढता वाढता म्हणायची, "आता दोघं जेवा, देव कुठं जात नाही." मला आज त्या जेवणांची आठवण येते. माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्या बाईला महिन्याला एक हक्काचं भांडण होतं. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे सुद्धा जिवंतपणी सांगायला हवं होतं.

पण काल जी माणसं देवळात डोळे पुसत होती, त्यांची नावं घेऊन सांगू? नाही घेत. त्यातल्या निम्म्यांनी तुझ्या वाचनाचा रविवार विचारून ठेवला होता. "आज पास्कू आहे का? मग सातच्या मिस्सेला जाऊ या, लवकर सुटू." मी कानांनी ऐकलंय. तूही ऐकलं होतंस. तू म्हणायचास, जातील जाणारे. काही म्हातारी माणसं मात्र मुद्दाम तुझ्याच मिस्सेला यायची, कारण तुझा प्रत्येक शब्द त्यांना सुटा ऐकू यायचा. हेही खरं आहे, ते मी लपवत नाही.

आता त्या सकाळचं.

मी ओटीवर सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. तू कामाला निघालास, सायकल माझ्या दारात थांबवलीस. एक पाय जमिनीवर. म्हणालास, "बाय, आज जरा..." आणि अडलास. तुझा हात शर्टाच्या खिशावर होता. मी लाल पेन्सिल खाली ठेवली आणि थांबले. वचन दिलं होतं ना. सवय झाली होती आता मला थांबायची, चांगली थांबायचे मी. तू प्रयत्न केलास, मग हसून हात हलवलास, जाऊ दे अशा अर्थानं, आणि निघून गेलास. मी पुढचा पेपर घेतला.

पूर्वीची मी असते तर ओरडले असते, "काय, दुखतंय का? चल डॉक्टरकडे." तुला ओढत नेलं असतं. दवाखान्याच्या खिडकीपाशी तुझ्या आधी मी बोलले असते. तू चिडला असतास आणि जिवंत असतास. पास्कू, तू मला गप्प राहायला शिकवलंस आणि मी नेमकी त्या दिवशी गप्प राहिले. याचा राग मी कोणावर काढू?

पुढचं मला ताराबाईनं सांगितलं. ताराबाई कोण ते तुला ठाऊक आहे, तुझ्या मार्थाला नव्हतं. ती चांदीपहून भाजी घेऊन येते आणि त्या दवाखान्यासमोर रस्त्याच्या पलीकडे बसते. तुला माती दिली त्याच्या चौथ्या दिवशी ती तुझी सायकल हातानं ढकलत आपल्या गावात आली. तीन ठिकाणी विचारत, एवढ्या लांब. सायकल चालवता येत नाही तिला. अंगणात उभी राहून म्हणाली, "पास्कूचं घर ह्येच काय? त्यांनी सांगितलंवतं, सायकलीला कुलूप नाय."

तिला आत बसवलं आणि तिनं सांगितलं ते असं. स्टेशनच्या पूर्वेला पोचल्यावर तू सायकल तिच्या टोपलीशेजारी लावलीस आणि दवाखान्यात गेलास. थोड्या वेळानं कंपाउंडरनं तुला दंडाला धरून बाहेर आणलं आणि पायरीवर बसवलं. आतल्या माणसांना तो मोठ्यानं सांगत होता, "सकाळी सकाळी प्यायलाय. नाव विचारलं तर प... प... करतोय."

पहिलीच्या वर्गातला तोच "प", पास्कू. तेव्हा सगळे हसले होते. आता तुला पायरीवर बसवलं.

ताराबाई म्हणाली, "मी म्हनलं, पिनारा मानूस असा घामानं भिजत नाय. मी टोपली तशीच टाकली नि गेले. म्हनलं, भाऊ, पानी देऊ का चा देऊ? त्यांना लगेच बोलता येय ना. मी बसले बाजूला. मंग म्हनाले, च... चा."

"तू थांबलीस?" मी विचारलं.

"मंग? इचारलं तर ऐकाया नको?"

चहा आणायला ती गेली नाही. तुझा रंग बघून तिनं आधी तुला विचारलं, कुठं दुखतंय. तू सांगितलंस. छाती. मग नाव सांगितलंस, गाव सांगितलंस, मार्थाचं नाव सांगितलंस आणि सायकलीला कुलूप नाही हेही सांगितलंस. तिला सगळं तोंडपाठ होतं. ती सगळं ऐकून घेऊन दवाखान्यात घुसली आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांनी बघितलं, रिक्षा बोलावली आणि मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. रिक्षात ताराबाई तुझ्याबरोबर होती. तिथं पोहोचण्याआधीच तू गेलास.

दहाव्या दिवशी मी त्या दवाखान्यात गेले. रांग होती, रांगेत बसले. माझी पाळी आली. खिडकीत चाळिशीतला, कपाळावर चष्मा चढवलेला कंपाउंडर.

"नाव?"

"पास्कू," मी म्हटलं. "हे नाव तुम्हाला लिहून घेता आलं नव्हतं. मी लिहून द्यायला आलेय."

त्याला कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "बाई, इथं रोज पिऊन येणारे असतात. त्याला बोलता येत नव्हतं."

"बोलत होता तो. तुम्हाला ऐकता येत नव्हतं."

"मागे रांग होती."

"तोंडाचा वास घेतलात? माझा भाऊ लग्नातसुद्धा सरबत प्यायचा."

डॉक्टर बाहेर आले, मला खुर्ची दिली, आदरानं बोलले. म्हणाले, "बाई, झटका मोठा होता. आधी बघितलं असतं तरी वाचला असता का, ते सांगता येत नाही."

मी म्हटलं, "सांगता येत नव्हतं ते माझ्या भावाला, डॉक्टर. तुम्हाला विचारता येत होतं."

आणि एवढं बोलून मी बाहेर आले. ते मी त्यांना बोलले, पण लागलं मला. विचारता तर मलाही येत होतं. जन्मभर मला दोनच गोष्टी जमल्या. तुझं वाक्य संपवायचं, नाहीतर तोंड बंद ठेवायचं. ताराबाईनं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत बसून राहिली. शाळेत न गेलेल्या बाईला हे येत होतं आणि पंचवीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या मला सुचलं नाही. त्या सकाळी ओटीवरून "कुठं दुखतंय?" एवढंच विचारायचं होतं. तेवढ्यानं वचन मोडलं नसतं.

काल मिस्सेनंतर फादर घरी आले. मी का उठून गेले ते विचारायला. रागावले नव्हते. मी चहा दिला आणि म्हटलं, "फादर, त्या सकाळी तुमच्या देवानं काय काम केलं, तेवढं सांगा."

ते म्हणाले, "त्यानं ताराबाईला पाठवलं."

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "ताराबाईला कोणी पाठवलं नाही. ती स्वतः उठली. भाजी उन्हात टाकून, रस्ता ओलांडून आली. संध्याकाळपर्यंत ती भाजी सुकून गेली. हे तिनं केलं. पास्कूनं सात वर्षं एकेक शब्द घशातून ओढून काढला, तो घाम मी त्याच्या पाठीवर बघितलाय. तेही त्यानं केलं. चांगलं काही झालं की ते वर जमा करायचं, ही कुठली रीत? मग तो कंपाउंडर कोणी पाठवला? त्याचंही नाव घ्या ना प्रवचनात. आणि मास्तर? आणि ओटीवर पेपर तपासत बसलेली मी? आम्हाला कोणी पाठवलं होतं?"

फादरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला माहीत नाही." इतक्या वर्षांत मला त्यांचं एवढंच बोलणं आवडलं. मी त्यांना आणखी थोडा चहा दिला.

ते गेल्यावर मार्था आली. तिच्याशी मी असलं काही बोलत नाही, तिला तिचं दुःख पुरेसं आहे. पण तीच म्हणाली, "बाय, ते रोज सकाळी सायकलवर बसताना म्हणायचे, आजही बघू काय होतंय. देवाला म्हणायचे की स्वतःला, मी कधी विचारलं नाही." आणि पदरात तोंड घालून रडली. तुझ्या तोंडी हे वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं. एवढ्या वर्षांत किती काय असं असेल, जे मी ऐकलं नाही?

तेव्हापासून हे लिहीत बसलेय. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. मास्तरांवर आहे, दवाखान्यावर आहे, स्वतःवर आहे, आणि तुझ्या देवावर तर आहेच. पण राग ज्याच्यावर आहे तो असायला तरी हवा, हे मलाही कळतं. तू असतास तर हे वाक्य पकडून मला रविवारी जेवताना पुरतं गारद केलं असतंस.

इथं खाली मी तुझं उत्तर लिहिलं होतं. या सगळ्यावर तू काय म्हणाला असतास ते. चार ओळी होत्या, चांगल्या होत्या, वाचताना तुझ्याच वाटत होत्या. मी त्या खोडल्यात, पास्कू. तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक नाही.

बाय